शाळेतली चार घरे आणि एक मैदान



थंडीचे दिवस सुरू झाले की मुंबईच्या उपनगरांत एक ओळखीचा देखावा दिसू लागतो. अंधेरी घ्या, बोरिवली घ्या, नाहीतर तिकडे घाटकोपर-मुलुंड घ्या. सकाळच्या गाडीला मोठमोठ्या थैल्या घेतलेली, पांढऱ्या बुटांची पोरे दिसतात. एखाद्या मैदानावर फक्कीच्या रेघा मारलेल्या असतात. चार कोपऱ्यांत चार रंगांची निशाणे असतात: लाल, निळे, हिरवे, पिवळे. संचलन होते, शपथ होते, शिट्टी वाजते आणि मग जो गलका सुरू होतो तो दुपारपर्यंत थांबत नाही.

या गलक्यात एक गोष्ट पाहण्यासारखी असते. शर्यतीत चौथा आलेला मुलगा रडत असतो. बक्षीस हुकले म्हणून तो रडत असेल असे तुम्हाला वाटेल. पण जवळ जाऊन विचाराल तर म्हणेल, “सर, माझ्यामुळे आमच्या हाऊसचा एक गुण गेला!” वर्षभरापूर्वी ज्या मुलांशी त्याचा काडीचा संबंध नव्हता, त्यांच्यासाठी हा मुलगा रडतो आहे. ही जादू कोठून आली? हे ‘हाऊस’ म्हणजे आहे तरी काय? ते आपल्याकडे कोणी आणले, कशासाठी आणले, आणि आपल्या गावच्या शाळेत त्याचा काही उपयोग आहे की नाही, याचा विचार आज आपण करू.

‘हाऊस’ म्हणजे घर. इंग्लंडातल्या जुन्या निवासी शाळांत मुले खरोखरच वेगवेगळ्या घरांत राहत. प्रत्येक घराला एक मास्तर असे. मुलांचे जेवणखाण, झोपणे, अभ्यास, आजारपण हे सारे त्याच्या देखरेखीखाली चाले. एका घरातली मुले सहजच दुसऱ्या घरातल्या मुलांशी चढाओढ करू लागली. म्हणजे हाऊस हे आधी नुसते राहण्याचे ठिकाण होते. खेळातली ईर्षा मागाहून आली.

ती कशी आली याची हकिगत मोठी मजेदार आहे. इंग्लंडात मार्लबरो नावाची एक शाळा होती. १८५१ साली तेथे मुलांनी सरळ बंडच पुकारले. मोकळा वेळ मिळाला की ही पोरे आसपासच्या रानात भटकत, दुसऱ्यांच्या हद्दीत शिरून चोरून शिकार करीत, शेतकऱ्यांना हैराण करीत. तुमच्याकडेही बोरी-आंब्यांवर धाड घालणारी टोळी असतेच. हे प्रकरण त्याच्या दहापट समजा. १८५२ साली जॉर्ज कॉटन नावाचे गृहस्थ तेथे मुख्याध्यापक म्हणून आले. हे मूळचे रग्बी शाळेतले शिक्षक. डॉक्टर थॉमस आर्नोल्ड या नामांकित मुख्याध्यापकांच्या हाताखाली तयार झालेले. आर्नोल्डांनी मोठ्या मुलांवर जबाबदारी टाकून शाळेला शिस्त लावली होती. कॉटन यांनी त्यापुढे एक पाऊल टाकले. १८५३ साली त्यांनी पालकांना एक पत्र पाठवले. त्याचा मथितार्थ असा की, मुलांचा मोकळा वेळ भटकण्यात न जाता शाळेच्या मैदानावर नेमस्त खेळांत गेला पाहिजे. घरांचे संघ झाले, सामने लागले आणि रानात पळणारी पोरे मैदानावर दिसू लागली.

येथे एक योगायोग सांगतो. त्याच १८५३ सालच्या १६ एप्रिलला बोरीबंदरहून ठाण्यापर्यंत आपल्या देशातली पहिली उतारूंची आगगाडी धावली. आज जेथे घाटकोपर आणि मुलुंडच्या इमारती उभ्या आहेत तेथल्या शेतांतून, खाजणांतून ती गेली. तिकडे हाऊसचे खेळ जन्मले आणि इकडे उपनगरांचा रूळ पडला. पुढे शंभर वर्षांनी या दोन गोष्टींची गाठ पडायची होती.

हे कॉटन महाशय तिकडेच राहिले असते तर आपल्याला त्यांच्याशी कर्तव्य नव्हते. पण १८५८ साली ते कलकत्त्याचे बिशप म्हणून हिंदुस्थानात आले आणि १८५९ साली त्यांच्या पुढाकाराने सिमल्याजवळ एक शाळा निघाली. आज ती त्यांच्याच नावाने चालते. हाऊस, मोठ्या मुलांतून नेमलेले नायक आणि घराघरांतले सामने हा सारा संसार तेथून आपल्या देशात रुजू लागला. १८७० साली राजकोटला संस्थानिकांच्या मुलांसाठी राजकुमार कॉलेज उघडले. तेथेही हेच वळण होते. रणजितसिंहजींच्या हाती बॅट आली ती त्याच शाळेत.

पण मंडळी, तोपर्यंत हा खेळ साहेबांच्या आणि राजेरजवाड्यांच्या मुलांपुरता होता. सामान्य शाळांचा संबंध आला तो मुंबईत. १८९३ साली मुंबईच्या शाळांची क्रीडासंघटना स्थापन झाली. १८९० ते १८९५ या काळात लॉर्ड हॅरिस हे मुंबई इलाख्याचे गव्हर्नर होते. इंग्लंडच्या क्रिकेट संघाचे ते एके काळचे कप्तान. त्यांच्या नावाची ढाल १८९७ सालापासून शाळांच्या क्रिकेट सामन्यांसाठी ठेवण्यात आली. पुढे लहान मुलांसाठी जाइल्स ढाल आली. या दोन ढालींसाठी मुंबईची मुले आजही आझाद मैदानावर आणि इतर मैदानांवर झुंजतात.

आता हॅरिस साहेबांच्याच काळातली दुसरी एक गोष्ट पाहा, कारण आपल्या विषयाचे मर्म तिच्यात आहे. समुद्रकाठी जिमखान्यांना जागा देण्यात आल्या त्या जमातवार: पारशांचा जिमखाना वेगळा, मुसलमानांचा वेगळा, हिंदूंचा वेगळा. पुढे सामनेही तसेच झाले. युरोपियन, पारशी, हिंदू आणि मुसलमान असे चार संघ १९१२ सालापासून चौरंगी सामने खेळू लागले. १९३७ पासून उरलेल्यांचा पाचवा संघ आला. सामन्यांना अफाट गर्दी लोटे, आणि खेळही उत्तम दर्जाचा होई, यात शंका नाही. पण संघ ठरे जन्मावरून.

आणि त्या जन्मातही पुन्हा पायऱ्या होत्याच. पळवणकर बाळू हे त्या काळचे थोर गोलंदाज. १९११ साली इंग्लंडच्या दौऱ्यात त्यांनी शंभरांहून जास्त बळी घेतले. पण जात चांभाराची! मैदानात चेंडू त्यांच्या हातून झेलायचा, आणि चहाच्या वेळी मात्र त्यांना बाहेर उभे करून मातीच्या भांड्यात चहा द्यायचा, असे पुण्याच्या क्लबात घडत असे. हिंदूंच्या संघाचे कप्तानपद त्यांना कधी मिळाले नाही. त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना १९२३ साली ते मिळाले, आणि हिंदूंच्या संघाने त्या साली चौरंगी जिंकली. जमातवार सामन्यांबद्दल १९४० साली महात्माजींनी आपली नापसंती उघड बोलून दाखवली. १९४६ साली हे सामने कायमचे बंद झाले.

आता तुमच्या ध्यानात आले असेल मी काय म्हणतो ते. संघ करण्याच्या दोन रीती आहेत. एक रीत जन्माची: आमची आळी, आमची जात, आमची भाषा. दुसरी रीत हजेरीपटाची. पहिला नंबर लाल, दुसरा निळा, तिसरा हिरवा, चौथा पिवळा, पाचवा पुन्हा लाल. येथे पाटलाचा मुलगा आणि त्याच्या गड्याचा मुलगा एकाच रंगात येतो. सुताराची मुलगी आणि मामलेदाराची मुलगी एकाच दोरखंडाला हात घालतात. हाऊस खोटे आहे, बनावट आहे, असे कोणी म्हणेल. अहो, ते बनावट आहे हीच तर त्याची थोरवी! ते कोणाला वारशाने मिळत नाही.

बरे, ही भावना आपल्याला परकी होती असे मात्र समजू नका. आपल्याकडे तालमी होत्या, पेठेपेठेचे आखाडे होते. जत्रेत गावच्या मल्लाने कुस्ती मारली की अवघ्या गावाच्या पागोट्याला तुरा लागे. पंढरीच्या वारीतल्या दिंड्या पाहा. कोणती दिंडी रथापुढे, कोणती रथामागे, कितव्या नंबरावर, हे ठरलेले असते. प्रत्येक दिंडीला आपल्या जागेचा अभिमान असतो, आपल्या विणेकऱ्याचा, आपल्या मृदंग्याचा अभिमान असतो. पण म्हणून कोणी दुसऱ्या दिंडीला अडवते का? पोहोचायचे सर्वांना एकाच ठिकाणी असते. हाऊसची भावना याहून वेगळी नाही. चार निशाणे चार दिशांना असली तरी शाळा एकच, हे ज्याला कळले त्याला सगळे कळले.

आपल्या मातीतल्या खेळांना नियम लावण्याचे कामही याच सुमारास चालू होते. पुण्यात १९०६ साली डेक्कन जिमखाना निघाला, आणि १९१४ साली तेथे खो-खोचे नियम तयार झाले. तिकडे अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी जाऊन आपले देशी खेळ जगाला दाखवून आले. आता गरज होती ती हे सारे शाळाशाळांत नेणाऱ्या शिक्षकांची. नुसते ‘एक-दोन-तीन’ म्हणून कवाईत घेणारे मास्तर पुरणारे नव्हते.

आणि येथे आपण पुन्हा उपनगरात येतो. १९३७ साली बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ मुंबई इलाख्यात अधिकारावर आले. त्या सरकारने शारीरिक शिक्षणाचा विचार करण्यासाठी एक समिती नेमली. लोणावळ्याच्या कैवल्यधामाचे संस्थापक स्वामी कुवलयानंद हे तिचे अध्यक्ष. त्यानंतर १९३८ साली कांदिवलीला शारीरिक शिक्षणाची सरकारी प्रशिक्षण संस्था उघडली. प्राचार्य म्हणून पी. एम. जोसेफ आले. कांदिवली तेव्हा मुंबई शहराच्या हद्दीत नव्हती. आजूबाजूला शेते, वाड्या आणि ताडामाडांची झाडे. इलाखा तर केवढा! खानदेश, सातारा, रत्नागिरी, सुरत, धारवाड, बेळगाव हे सगळे त्यात. या साऱ्या इलाख्याच्या शाळांसाठी खेळाचे शिक्षक तयार करण्याचे काम या संस्थेकडे आले. मैदान कसे आखावे, सामन्यांची जोडपत्रके कशी लावावी, पंचाने शिट्टी कधी फुंकावी आणि कधी फुंकू नये, ही विद्या शिकून माणसे आपापल्या जिल्ह्यांत परतू लागली. तुमच्या शाळेच्या जुन्या सरांनी लेझीम बसवले असेल, खो-खोचे खांब रोवले असतील, तर त्या विद्येचा झरा कोठेतरी कांदिवलीला जाऊन मिळत असेल. याच जोसेफ यांना पुढे १९५७ साली ग्वाल्हेरला निघालेल्या राष्ट्रीय पातळीवरच्या लक्ष्मीबाई शारीरिक शिक्षण महाविद्यालयाचे पहिले प्राचार्य म्हणून नेमण्यात आले.

स्वातंत्र्यानंतर माध्यमिक शिक्षणाचा विचार करण्यासाठी डॉक्टर लक्ष्मणस्वामी मुदलियार यांच्या अध्यक्षतेखाली आयोग बसला. १९५३ साली त्याचा अहवाल आला. त्यात एक महत्त्वाची शिफारस होती. शाळांतून विद्यार्थ्यांना स्वयंशासनाची सवय लागावी. त्यासाठी सर्व शाळांत हाऊसपद्धती सुरू करावी, नायक नेमावेत, विद्यार्थी मंडळे असावीत, आणि वागणुकीचे नियम विद्यार्थ्यांनीच ठरवून पाळावेत. पाहा, कॉटन साहेबांना पळणारी पोरे आवरायची होती. मुदलियार आयोगाला लोकशाहीचे नागरिक घडवायचे होते. साधन तेच, हेतू मात्र बदलला.

नेमकी याच काळात उपनगरे वाढत होती. पार्ल्यासारख्या ठिकाणी लोकमान्यांच्या स्मरणार्थ १९२१ सालीच पार्ले टिळक विद्यालय उभे राहिले होते. महाराष्ट्राचे लाडके लेखक पु. ल. देशपांडे त्याच शाळेचे विद्यार्थी. १९५० साली अंधेरी-जोगेश्वरी आणि घाटकोपर-भांडुपपर्यंतचा भाग मुंबई महापालिकेत आला, आणि १९५७ साली दहिसर आणि मुलुंडपर्यंतचा. कोकणातून, देशावरून, गुजरातेतून, दक्षिणेतून माणसे आली, चाळी भरल्या, शाळा निघाल्या. या शाळांत एकाच बाकावर चार भाषा बोलणारी मुले बसू लागली. मुले सकाळी येणार, दुपारी घरी जाणार. तेथे मास्तरांच्या घरात राहण्याचा प्रश्नच नव्हता. म्हणून हाऊस उरले ते रंगाचे आणि नावाचे. कोठे शिवाजी, टिळक, गांधी, टागोर. कोठे गंगा, गोदावरी. कोठे नुसताच लाल आणि निळा. काही शाळा त्याला ‘कुल’ म्हणतात, काही ‘गट’, काही ‘पथक’. नाव काहीही असो, पहिल्याला पाच गुण, दुसऱ्याला तीन, तिसऱ्याला एक, आणि वर्षाअखेर फिरती ढाल. हा हिशेब बहुतेक ठिकाणी ओळखीचा आहे.

उपनगरांच्या शाळांनी मोठे खेळाडू दिले, हेही खरे. बोरिवलीच्या स्वामी विवेकानंद शाळेचे क्रिकेटचे शिक्षक दिनेश लाड यांनी १९९९ साली एक बारा वर्षांचा मुलगा सामन्यात पाहिला. तो ऑफस्पिन गोलंदाजी करीत होता. त्यांनी त्याला आपल्या शाळेत येण्यास सांगितले. मुलगा बोरिवलीला आजी-आजोबांकडे राहत होता, आणि ती फी परवडणारी नव्हती. लाड सरांनी शाळेकडे शब्द टाकला आणि त्याची फी माफ झाली. पुढे याच सरांच्या नजरेस पडले की हा गोलंदाज मुळात फलंदाज आहे. तो मुलगा म्हणजे रोहित शर्मा. १९९९ साली फी माफ झालेल्या या मुलाने २०२४ साली भारताचा कप्तान म्हणून वीस षटकांचा विश्वचषक उचलला.

पण आता मैदानाची दुसरी बाजूही पाहू. १९८८ सालच्या फेब्रुवारीत हॅरिस ढालीच्या उपान्त्य सामन्यात शारदाश्रमच्या सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी ६६४ धावांची अभंग भागी केली. सचिन नाबाद ३२६, विनोद नाबाद ३४९. ही हकिगत पोरासोरांना पाठ आहे. २०१३ सालच्या नोव्हेंबरात याच ढालीच्या सामन्यात वांद्र्याच्या रिझवी स्प्रिंगफील्ड शाळेच्या पृथ्वी शॉने ३३० चेंडूंत ५४६ धावा काढल्या. समोर बोरिवलीची सेंट फ्रान्सिस डी’असिसी ही शाळा होती. साऱ्या देशाच्या वर्तमानपत्रांत पृथ्वीचे नाव झळकले, आणि ते योग्यच झाले.

मला मात्र राहून राहून त्या दुसऱ्या अकरा मुलांची आठवण येते. बोरिवलीहून भल्या पहाटे गाडी पकडून, खांद्यावर थैल्या टाकून ती तीस-पस्तीस किलोमीटर आली असतील. चेंडू सीमेपलीकडे जायचा, आणि त्यांच्यापैकी कोणीतरी धावत जाऊन तो आणायचा. पुन्हा टाकायचा, पुन्हा आणायचा. त्यांची नावे कोणाच्या लक्षात नाहीत. शिक्षकबंधूंनो, शाळेच्या खेळाची खरी परीक्षा येथे आहे. जिंकणाऱ्याला सांभाळायला जग आहे. हरणाऱ्याला सांभाळायला त्याचा संघ आणि त्याचा मास्तर, एवढेच असतात.

आणि हरणे म्हणजे संपणे नव्हे. १९८८ च्या त्या सामन्यात सचिन-विनोदला गोलंदाजी करणाऱ्या सेंट झेवियर्सच्या मुलांत साईराज बहुतुले नावाचा एक मुलगा होता. ज्याच्या गोलंदाजीचा इतका समाचार घेतला गेला, तोच पुढे मुंबईकडून वर्षानुवर्षे खेळला आणि भारताच्या कसोटी संघातही गेला. त्या दिवशी त्याला ‘तुझ्याने होणार नाही’ असे कोणी म्हटले असते आणि त्याने ते मनावर घेतले असते, तर?

हाऊसची उपयुक्तता याच ठिकाणी आहे. शाळेचा संघ निवडला जातो तो अकरांचा. शाळेत मुले असतात हजार. उरलेल्या ९८९ मुलांनी काय करायचे? टाळ्या वाजवायच्या? हाऊस असेल तर त्यांच्यासाठीही जागा निघते. गोळा फेकणारा दांडगा पोरगा, रस्सीखेचीत पाय रोवून उभी राहणारी मुलगी, तीन पायांच्या शर्यतीत जोडीदाराशी पाऊल जुळवणारे दोघे भिडू, गुणफलक न चुकता लिहिणारा हिशेबी मुलगा, पाण्याचा माठ सांभाळणारी मुले, हे सारे आपल्या रंगाचे सैनिक असतात.

पण जादूला उतारा लागतो तसा हाऊसलाही लागतो. त्याचे नीट संगोपन झाले नाही तर ते बिघडते. मी चार गोष्टी सुचवतो; पटल्या तर घ्या.

पहिली गोष्ट, वाटणी निष्पक्ष हवी. वर्गशिक्षकाने हजेरीपटाच्या क्रमाने, सर्वांसमक्ष वाटणी करावी. आडनावांच्या किंवा वस्तीच्या हिशेबाने गट पाडू नयेत. तसे केलेत तर जमातवार जिमखाने आपण पुन्हा शाळेत आणून बसवले असे होईल. भावंडे मात्र एकाच हाऊसमध्ये ठेवावीत. घरात भांडण नको.

दुसरी गोष्ट, गुण केवळ पहिल्या तिघांना देऊ नका. शर्यत पुरी करणाऱ्या प्रत्येकाला अर्धा गुण द्या. मग पाहा, ज्या लठ्ठ मुलाला कोणी घ्यायला तयार नव्हते त्याला त्याचे सवंगडी हाताला धरून रेघेवर आणतील. कारण त्याचा अर्धा गुणही ढालीला उपयोगी पडतो. वक्तृत्व, स्वच्छता, बागकाम, वाचन यांचेही गुण त्याच फलकावर लिहा.

तिसरी गोष्ट, मुलींना बाजूला बसवू नका. लिंबू-चमचा मुलींचा आणि धावणे मुलांचे, ही वाटणी आता इतिहासजमा होऊ द्या. खो-खोचा वेग आणि कबड्डीची पकड मुलींना कशी साधते हे महाराष्ट्राला नव्याने सांगायला नको.

चौथी गोष्ट मैदानाची. तुमच्यापैकी पुष्कळांना वाटत असेल, मुंबईचे काय, तेथे सारेच असते. तसे नाही, बरं का! अंधेरीला शहाजीराजे भोसले क्रीडासंकुल आहे, मुलुंडला प्रियदर्शिनी क्रीडासंकुल आहे, कांदिवलीला भारतीय क्रीडा प्राधिकरणाचे केंद्र आहे, हे खरे. पण उपनगरांतल्या कितीतरी शाळांना स्वतःचे अंगणसुद्धा नाही. वर्षातून एक दिवस दुसऱ्याचे मैदान मागून त्यांना क्रीडादिन साजरा करावा लागतो. २००९ सालच्या शिक्षणहक्क कायद्याने शाळेला क्रीडांगण हवे असे म्हटले आहे. पण कायद्याने जमीन उगवत नाही. तुमच्या गावाला अजून गायरान आहे, नदीकाठ आहे, देवळामागचे पटांगण आहे. ते राखा. शाळेच्या पटांगणावर कोणाची टपरी, कोणाची कडब्याची गंजी येऊ देऊ नका. एकदा गेलेले मैदान परत येत नाही. हा धडा मुंबईच्या उपनगरांनी फार महागात घेतला आहे.

शेवटी ‘घर’ या शब्दाकडे परत येतो. मघाशी म्हटले, हाऊस म्हणजे मुळात मास्तराच्या देखरेखीखालचे घर. आपल्या शाळांत ते घर गेले आणि रंग राहिला. पण खरोखरच गेले का?

पालघरकडचा एक मुलगा बोईसरच्या शाळेकडून खेळत होता. दिनेश लाड सरांनी त्याला पाहिले आणि बोरिवलीच्या शाळेत यायला सांगितले. पण रोज पालघरहून येणार कसा? गाडीचा प्रवास लांबचा, त्यात शाळा, त्यात सराव. आईवडिलांचा धीर होईना. तेव्हा सरांनी त्या मुलाला स्वतःच्या घरी ठेवून घेतले. मुलगा सरांच्या घरी राहिला, जेवला, खेळला. २००६ साली त्याने हॅरिस ढालीच्या सामन्यात एका षटकात सहा षटकार मारले. त्याचे नाव शार्दूल ठाकूर. २०२१ सालच्या जानेवारीत ब्रिस्बेनच्या कसोटीत त्याने ६७ धावा केल्या आणि सात बळी घेतले, तेव्हा बोरिवलीच्या त्या घरात काय वाटले असेल, याची कल्पना तुम्हीच करा. दिनेश लाड यांना २०२२ सालचा द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला.

आणि त्याच्या कितीतरी आधीची कराडजवळच्या गोळेश्वरची गोष्ट तर तुम्हाला ठाऊकच आहे. १९५२ साली खाशाबा जाधवांना हेलसिंकीला जायला पैसे नव्हते. लोकांनी वर्गणी जमवली. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डीकर यांनी त्यांच्यासाठी आपले राहते घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यांचा जन्मदिवस, १५ जानेवारी, २०२४ सालापासून महाराष्ट्रात राज्य क्रीडा दिन म्हणून पाळला जातो.

एका मास्तराने विद्यार्थ्यासाठी घर उघडले, दुसऱ्याने गहाण टाकले. हे हाऊस कोणत्याही इंग्रजी शाळेतून आलेले नाही. ते आपल्या मातीतले आहे.

तेव्हा यंदाच्या क्रीडादिनाला फक्कीच्या रेघा मारा, चार निशाणे लावा, ढाल पुसून ठेवा. आणि संध्याकाळी निशाणे उतरवण्याआधी एक काम करा. शेवटच्या हाऊसच्या नायकाला पुढे बोलवा आणि जिंकलेल्या हाऊसच्या नायकाच्या हातून त्याला शाळेचा झेंडा द्या. मुलांना व्याख्यान देण्याची गरज उरणार नाही. चार घरे एका अंगणात असतात, हे त्यांना आपोआप समजेल.